शिडाच्या बोटीतून बेटांकडे: पहिल्यांदाच स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांसाठी

सकाळी शिडाच्या छोट्या बोटीतून निघायचे, दोन-तीन ठिकाणी नांगर टाकून स्नॉर्केलिंग करायचे, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून प्रवाळांवर तरंगत मासे पाहायचे, एखाद्या बेटाच्या वाळूवर जेवायचे आणि ऊन कलताना परतायचे, असा उष्ण कटिबंधातील या सहलींचा साधा क्रम असतो. ऐकताना त्यात शिकण्यासारखे काही वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र पहिल्यांदा जाणाऱ्या पुष्कळांच्या पोटात ढवळते, मास्कमध्ये पाणी शिरते आणि पाण्यात उतरल्याबरोबर धाप लागते. या तिन्ही गोष्टींचा संबंध पोहता येण्याशी थोडा आणि घाईशी बराच असतो. म्हणून पुढील मार्गदर्शनात कोणते काम आधी उरकावे आणि कोणते मुद्दाम सावकाश करावे, यावरच भर दिला आहे.

पहिली पायरी: वारा, भरती आणि बोट

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात व्यापारी वारे वाहतात. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून येतात. त्यामुळे बेटाची एक बाजू बहुधा लाटांच्या माऱ्यात आणि दुसरी आडोशाला असते, आणि स्नॉर्केलिंगचे थांबे या आडोशाच्या बाजूला निवडले जातात. वाऱ्याची दिशा बदलली की थांबाही बदलतो. सहलीच्या जाहिरातीतील बेटांची नावे हा कप्तानाचा इरादा समजावा, वचन समजू नये. जो कप्तान सकाळचा वारा पाहून ठरलेले ठिकाण रद्द करतो, त्याच्यावर नाराज होण्याऐवजी त्याच्याच बोटीवर पुन्हा जावे.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नवख्यासाठी १० ते १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८ ते २८ किलोमीटर वारा उत्तम असतो, कारण तेवढ्यात शीड छान भरते आणि आडोशाचे पाणीही शांत राहते. अंदाजात २० नॉटच्या वर आकडा दिसला तर दिवस बदलता येतो का ते विचारावे. पुष्कळ बेटांवर दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी गढुळते, म्हणून निवड असेल तेव्हा सकाळची सहल घ्यावी. वादळांचा हंगामही पाहून ठेवावा. कॅरिबियनमध्ये तो जून ते नोव्हेंबर आणि दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल असतो.

पंचांग पाहण्याची सवय असलेल्यांना येथे एक सोय आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, भरती-ओहोटीतील फरक वाढतो आणि बेटांमधल्या अरुंद वाटांतून पाण्याची ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि ओढ सौम्य राहते. सुट्टीच्या तारखा आपल्या हाती असतील तर पहिल्या वेळेला भांगाचे दिवस निवडावेत. पूर्ण ओहोटीला उथळ प्रवाळांवरून तरंगताना पोट आणि गुडघे खरचटण्याचा धोका असतो, तर भरती भरत आल्यावर बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि नजर दूरवर पोहोचते.

बोटींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. दोन सांगाड्यांची कॅटामरान रुंद असते, फारशी कलत नाही, आणि तिच्या पुढच्या भागातील जाळीवर आडवे होऊन खालचे पाणी पाहता येते. एका सांगाड्याची बोट वाऱ्याने एका कुशीवर कलते. पहिल्यांदा ते भीतिदायक वाटते, पण खालच्या जड कण्यामुळे तिचे तसे कलणे स्वाभाविक असते. लहान मुले, ज्येष्ठ किंवा गुडघेदुखी असलेले कोणी बरोबर असेल तर कॅटामरान सोयीची. शिडाची खरी गंमत मात्र एका सांगाड्याच्या बोटीवर अधिक, असे माझे मत आहे.

छोटा गट म्हणजे किती, हा प्रश्न आरक्षणापूर्वी स्पष्ट विचारावा. कोणी ८ जणांना छोटा गट म्हणतो, कोणी २५ जणांना. त्याहून महत्त्वाचे प्रश्न असे: सगळे पाण्यात असताना बोटीवरून केवळ पाण्याकडे पाहणारा एक माणूस असतो का, पाण्यात आपल्याबरोबर कोणी जाणकार उतरतो का, प्राणवायूचा सिलिंडर आणि रेडिओ बोटीवर आहेत का, आणि नांगर उचलण्यापूर्वी डोकी कशी मोजली जातात. शेवटचा प्रश्न उगाच नाही. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजणीतील चुकीमुळे दोन पाणबुडे समुद्रातच राहिले आणि बोट परतली; ते पुन्हा सापडले नाहीत. मोजणीच्या वेळी आपल्या जागी थांबावे, आपले नाव आपणच उच्चारावे आणि दुसऱ्याच्या वतीने ‘तो आहे’ असे कधीही सांगू नये.

दुसरी पायरी: आदल्या दिवशीची तयारी

हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा किंवा अपस्मार असलेल्यांनी सहल ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि बोटीवर भरायच्या अर्जात ही माहिती लपवू नये. स्नॉर्केलिंग हा आरामाचा खेळ दिसतो, पण पाण्यात आडवे झाल्यावर पायांतील रक्त छातीकडे सरकते, नळीतून श्वास ओढायला थोडा जोर लागतो आणि त्यातच लाटांशी झटापट झाली तर हृदय व फुप्फुसांवर ताण येतो. अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटकांच्या समुद्रात बुडण्याच्या घटनांत स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यांत चांगले पोहणारेही असतात.

बोट लागण्याचे कारण असे की कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवत असतो आणि डोळे मात्र समोरची स्थिर फळी पाहत असतात; या विसंगतीने मेंदू गोंधळतो. औषध घ्यायचे असेल तर ते मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी साधारण तासभर घ्यावे. कानामागे लावायची पट्टी त्याहूनही आधी, किमान चार तास, लावावी लागते. यांपैकी काही औषधांनी झोप येते, म्हणून कोणते घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे आणि ते पहिल्यांदाच सहलीच्या सकाळी घेऊन पाहू नये. रात्री मद्य आणि सकाळी तेलकट न्याहारी टाळावी. उपाशीही जाऊ नये; रिकामे पोट भरल्या पोटाइतकेच ढवळते.

मास्कची परीक्षा जमिनीवरच होते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. तो चिकटून राहिला तर आपल्या चेहऱ्याचा आहे, पडला तर कितीही महाग असला तरी नाही. पट्टा घट्ट आवळून ही उणीव भरून निघत नाही, उलट कडा वाकून पाणी अधिक शिरते. केसांची एक बट कडेखाली राहिली तरी गळती होते, आणि मिशी असलेल्यांची अडचण तर कायमचीच. माझी मिशी दाट आहे. पहिल्या दिवशी मी दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करत होतो आणि बाजूचा सहप्रवासी मात्र कासव पाहत होता. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी साफ केल्यावर प्रश्न मिटला. चष्मा वापरणाऱ्यांनी नंबरची काच असलेला मास्क मिळतो का, हे आधीच विचारावे. अंदाजाने जवळचा नंबर असला तरी पुरतो, कारण मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात.

संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्यांना आकर्षक वाटतो, कारण त्यात नाकानेही श्वास घेता येतो. तरीही मी तो सुचवणार नाही. साधी नळी अडचणीच्या क्षणी तोंडातून थुंकून टाकता येते. हा मास्क डोक्यावरून पट्ट्यांसकट काढावा लागतो, आणि हवेचे झडप नीट बसलेले नसेल तर सोडलेलीच हवा परत ओढली जाते. लांब नळी चांगली, हाही गैरसमज आहे. साधारण ४० सेंटिमीटरहून लांब नळीत उच्छ्वासाची हवा साचून राहते आणि ताजी हवा पोहोचतच नाही.

उन्हासाठी सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा. पाण्यावर पालथे तरंगताना पाठ, मानेचा मागचा भाग आणि पोटऱ्या तासभर थेट उन्हात असतात, आणि पाण्याच्या गारव्यामुळे भाजल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. उरलेल्या त्वचेला झिंक ऑक्साइडचे मलम लावावे आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. प्रवाळांना घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्झेट ही रसायने असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली, आणि प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटांच्या देशाने त्याच्या वर्षभर आधी तसाच कायदा अमलात आणला. प्रवाळांचा मुख्य शत्रू तापणारा समुद्र आहे, मलम नव्हे, हे खरे. पण सदरा घातल्यावर मलम मुळातच कमी लागते, मग वाद कशाला?

पिशवीत याहून फार काही नको: टॉवेल, कोरडे कपडे, पाण्याची बाटली, दोरी असलेली टोपी, नेहमीची औषधे आणि फोनसाठी पाणी न शिरणारी थैली. कडक बॅग आणू नये; छोट्या बोटीवर ती कोठेच मावत नाही.

तिसरी पायरी: बोटीवर

बोटीवर चढताना हात मोकळे ठेवावेत आणि पिशवी आधी खलाशाच्या हाती द्यावी. बोट आणि धक्का यांमधील फटीत पाय किंवा हात घालून बोट अडवण्याचा प्रयत्न करू नये; टनावारी वजनाची ती वस्तू आपल्या हाताने थांबत नाही. चपला बहुधा काढूनच ठेवाव्या लागतात.

सुरक्षेच्या सूचना दिल्या जात असताना फोन बाजूला ठेवावा, आणि आपले लाइफ जॅकेट कोठे आहे हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. शिडाच्या तळाशी असणारा आडवा दांडा, म्हणजे बूम, बोटीने दिशा बदलली की एका बाजूकडून दुसरीकडे झपाट्याने येतो. कप्तान आवाज देईल तेव्हा आधी डोके खाली घालावे आणि कारण नंतर विचारावे. ताणलेल्या दोराला हात लावू नये, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये. दोर ओढून पाहायची हौस असेल तर तसे सांगावे. छोट्या गटाच्या बोटीवर कप्तान ती संधी आनंदाने देतो, आणि सुकाणू दहा मिनिटे हाती आले की मळमळही बहुतेक वेळा पळते.

ज्यांना बोट लागते त्यांनी मध्यभागापासून मागच्या बाजूला बसावे, कारण नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, सर्वांत जास्त वर-खाली होते. नजर क्षितिजावर ठेवावी, फोन पाहू नये, खालच्या खोलीत जाऊ नये. उलटी येणारच असेल तर लाजून शौचालयात कोंडून घेऊ नये. वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूच्या कठड्याशी जावे आणि कोणाला तरी आपल्याला धरायला सांगावे. त्यानंतर बरेच जण पूर्ण बरे होतात. बोटीच्या शौचालयाच्या नळ्या अरुंद असतात, त्यामुळे कागदही टाकू नये, आणि ते कसे वापरायचे हे आधीच विचारून घ्यावे.

चौथी पायरी: पाण्यात पहिली दहा मिनिटे

या सहलीचे सगळे यश या दहा मिनिटांवर अवलंबून आहे. म्हणून आधी उतरलेले लोक कासवाकडे बोट दाखवत असले तरी त्यांच्यामागे जाऊ नये.

काचेच्या आतून थुंकी चोळून काच हलकेच विसळावी, म्हणजे वाफ धरत नाही. हा उपाय ओंगळ वाटला तरी तो सर्वत्र चालतो. फिन्स, म्हणजे पायांत घालायच्या रुंद वल्ह्यांसारख्या पट्ट्या, शिडीजवळ बसून घालाव्यात. त्या घालून चालायचे नाही, आणि चालावेच लागले तर उलटे चालावे. पाण्यात उडी न मारता शिडीने उतरावे आणि उतरल्यावर शिडी, दोर किंवा तरंगते कडे धरून ठेवावे. नीट पोहता येत नसेल, किंवा येत असूनही मन साशंक असेल, तर तरंगण्याचे जॅकेट घालावे. त्यात कमीपणा नाही. जॅकेट घातलेला माणूस हातपाय मारत नाही, त्यामुळे त्याला मासे अधिक जवळून दिसतात.

आता दोर धरूनच चेहरा पाण्यात घालावा आणि काहीही न पाहता फक्त श्वास घ्यावा. पहिल्या चार-पाच श्वासांत शरीर विरोध करते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि डोके वर काढावेसे वाटते. तसे वाटले तर काढावे आणि पुन्हा घालावे. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवावा. आत ओढताना तीन मोजावे, सोडताना पाच. नळीतील आपल्याच श्वासाचा आवाज एका लयीत येऊ लागला की हात सोडायला हरकत नाही.

नळीत पाणी शिरणारच. ‘टू’ म्हटल्यासारखी जोरात फुंकर मारली की ते वरून उडते. त्यानंतरचा पहिला श्वास बेताने घ्यावा, कारण थोडे पाणी मागे राहिलेले असते. मास्कमध्ये शिरले तर डोके वर काढून खालची कड किंचित ओढावी. या दोन्ही गोष्टी दोराजवळ तीन-तीन वेळा मुद्दाम पाणी घेऊन करून पाहाव्यात. मग तेच दूरवर घडले तरी घाबरगुंडी उडत नाही.

फिन्स मारताना गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय हलवू नयेत. पाय मांडीपासून, सैल आणि संथ हलावेत. पाणी उडत असेल तर फिन्स पाण्याबाहेर येत आहेत असे समजावे. हात अंगाशी स्थिर ठेवावेत.

पुढचा नियम जोडीचा. जोडीदार हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असावा, कारण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि तो कोणत्या दिशेने आला हे कानांना उमगत नाही. सर्व ठीक असल्याची खूण म्हणून डोक्यावर हात ठेवतात आणि मदत हवी असल्यास हात उंच करून हलवतात. आपल्या बोटीवर हेच संकेत आहेत ना, ते आधी विचारावे. मात्र मौजेने बोटीकडे हात हलवणे टाळावे.

सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर तोच प्रवाह बोटीकडे आणतो. दर दोन-तीन मिनिटांनी डोके वर काढून बोट कोठे आहे ते पाहावे. आपण पोहतो आहोत आणि खालचा खडक सरकतच नाही असे दिसले, तर जोर न वाढवता पाठीवर वळावे आणि हात वर करावा. अचानक धाप, खोकला किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला तरी हेच करावे: नळी तोंडातून काढावी, पाठीवर तरंगावे, खूण करावी आणि बाहेर यावे. थोडे थांबून पाहू, असा विचार येथे करू नये.

पाण्याखाली बुडी मारायचा मोह पहिल्या सहलीत आवरावा. निदान बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेण्याचा प्रकार तरी कधीही करू नये. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

पाणी २८ अंश असले तरी ते शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढते. ओठ थरथरू लागले, किंवा पाऊण तास झाला, की बाहेर यावे.

पाचवी पायरी: काय पाहावे आणि कशाला हात लावू नये

नवखा माणूस अंतर कापत जातो आणि काहीच पाहत नाही. एका प्रवाळ खडकावर पाच मिनिटे निश्चल तरंगल्यास आधी पळालेले मासे परत येतात. पोपटमाशाच्या चोचीचा कुरतडण्याचा आवाज चक्क ऐकू येतो. तो खडकावरचे शेवाळ खरवडतो आणि पोटात गेलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो, त्यामुळे दुपारी आपण ज्या पांढऱ्या वाळूवर जेवायला बसतो तिच्यात त्याचाही हातभार असतो. कोठे मोठे मासे तोंड उघडून स्वस्थ उभे दिसले तर थांबावे, कारण तेथे निळसर पट्ट्यांचे छोटे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपत असतात. विदूषक मासा मात्र समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या दंश करणाऱ्या तंतूंतच राहतो आणि जवळ गेल्यास अंगावर धावूनही येतो.

प्रवाळ हा दगड दिसला तरी तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. घुमटासारखे भरीव प्रकार वर्षाला साधारण १ सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, म्हणून फिन्सच्या एका फटक्याने तुटलेला भाग आपल्या हयातीत भरून येईलच असे नाही. पाणी तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात; एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील अशा चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. पांढरे प्रवाळ दिसले तर ते सौंदर्य नव्हे, आजार आहे. दमल्यावर प्रवाळांवर उभे राहू नये. पाठीवर वळून विश्रांती घ्यावी.

कासव श्वास घेण्यासाठी वर येते, तेव्हा त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि काही मीटर अंतर राखावे. शंख उचलू नयेत. शंकूच्या आकाराच्या काही सुंदर शंखांतील प्राण्याचा दंश प्राणघातक असतो. समुद्री साळूचे काटे आणि दगडात दगड होऊन बसलेला दगडमासा यांच्यामुळे उथळ पाण्यात अनवाणी चालू नये. दगडमाशाचा काटा लागल्यास सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवतात आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवतात. जेलीफिशच्या दंशाचे उपचार प्रजातीनुसार वेगळे आहेत, म्हणून चोळाचोळ न करता खलाशांना दाखवावे. माशांना पाव किंवा बिस्किटे टाकू नयेत.

सहावी पायरी: बेटावर आणि परतताना

बेटावर उतरल्यावर परतायची वेळ विचारून घ्यावी, सावलीत बसावे आणि तहान नसली तरी पाणी प्यावे. खारे पाणी आणि वारा मिळून शरीर नकळत कोरडे करतात. जेवण हलके घ्यावे, कारण दुसरा थांबा बाकी असतो. मद्य दिले जात असेल तर ते शेवटचा पाण्याचा थांबा आटोपल्यावरच घ्यावे. शंख, प्रवाळांचे तुकडे आणि वाळू बरोबर आणू नये. अनेक ठिकाणी तो गुन्हाही आहे.

दुपारचा परतीचा प्रवास सकाळपेक्षा उसळता असतो. ओला सदरा काढून कोरडा घालावा, कारण वाऱ्यात ओल्या कपड्याने थंडी भरते. स्वतःचा मास्क असेल तर तो गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. कानात पाणी अडकले असेल तर मान एका बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच ओढावी. कापूस लावलेली काडी घालू नये. खरचटलेली जागा साबणाने नीट धुवावी, कारण प्रवाळाची छोटी जखमही चिघळते. रात्री अंघोळ करताना डोळे मिटल्यावर जमीन हलल्यासारखी वाटेल. बहुतेकांना एका झोपेनंतर ते जाणवत नाही. तोवर भिंतीला हात लावून उभे राहावे.